राहून गेलेला उत्तरपक्ष

॥ श्री ॥

मुक्याला वाचा देणारी कृपा आजवर अनेकांनी मागून घेतली आणि बहुतेकांना ती मिळालीही. वाचाळाला योग्य ठिकाणी थांबवणारी जी तिची धाकटी बहीण, तिच्या दारी मात्र कोणी फिरकत नाही. त्या धाकटीला प्रथम वंदन करतो आणि मग लेखणी उचलतो.

चोपडे, कार्तिक वद्य पंचमी, शके १९१६.

श्रीयुत आधार झिपरू अहिरे गुरुजी, मुक्काम दोंडाईचा, यांसी रंगनाथशास्त्र्याचे सप्रेम नमस्कार आणि जयभीम. (दोन्ही लिहिले आहेत. रुचेल ते ठेवून घ्यावे, उरलेले परत पाठवण्याची आवश्यकता नाही. आशीर्वादच लिहिणार होतो, परंतु आपण माझ्याहून अकरा महिन्यांनी वडील आहात हे आपण तीस वर्षे शाळेच्या शिक्षक-खोलीत ऐकवले असल्याने धाडस होत नाही.) आपला उजवा गुडघा कसा आहे? निरगुडीचे तेल पाठवले होते ते लावता, की शेजाऱ्यांना वाटून पुण्य जोडता? डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर लांबचे स्वच्छ दिसते, जवळचे दिसत नाही, असे मागे कळवले होते. आपल्या वयाला ती अवस्था एकंदरीत सोयीची म्हणावी. रोज सायंकाळी स्टेशनावर जाऊन कोणती गाडी किती उशिरा आली हे टिपून ठेवण्याचा आपला उद्योग चालूच असेल. येथे आम्ही उभयता ईश्वरकृपेने क्षेम आहोत. केळीला भाव नाही, कापसाला आहे, आणि माझ्या दातांपैकी जे उरले आहेत ते एकमेकांसमोर येत नाहीत.

विनंती विशेष ही की, आपण चिरंजीवांकडे राहावयास गेल्यापासून दर शनिवारी येणारे आपले कार्ड गेले पाच शनिवार आलेले नाही. सुपडू पोस्टमन आता आमच्या फाटकाशी सायकल थांबवीतही नाही. लांबूनच हात हलवतो आणि "नही शे, नाना" म्हणून पुढे जातो. टपालखात्याचा कारभार अलीकडे ढासळला आहे हे सर्वश्रुत आहे, म्हणून प्रथम मी दोष त्या खात्यावर ठेवला. परंतु यशोदाबाईंचे (म्हणजे आमच्या मंडळींचे) मत निराळे आहे. त्यांच्या मते दोष टपालखात्याचा नसून माहितीपटाचा आहे, आणि माहितीपटाचा नसून माझा आहे. तेव्हा घडलेला वृत्तांत प्रारंभापासून निवेदन करणे प्राप्त आहे.

प्रारंभ आमच्या ओट्यावरून करावा लागेल. आपली रविवारची सभा आपणांस आठवत असेलच. (आपले पत्र सूनबाई लता मोठ्याने वाचून दाखवते, आणि तिचे शिक्षण गणित घेऊन झाले आहे, म्हणून तिच्यासाठी खुलासा करतो. बाळ, आमच्या शास्त्रात वाद करण्याची एक रीत आहे. आधी समोरच्याचे म्हणणे पूर्ण आणि प्रामाणिकपणे मांडावयाचे, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. नंतर त्याचे खंडन करावयाचे, तो उत्तरपक्ष. पूर्वपक्ष दुबळा मांडणे हे चोरी करण्यासारखे मानतात.) आपल्या सभेचा नियम त्याहून कडक होता. मी तथागतांचे मत मांडावे, आपण आमच्या शास्त्राचे मांडावे, आणि समोरचा जोवर "बठ्ठं बराबर शे" अशी पावती देत नाही तोवर खंडनाला हात घालू नये. यात माझा एक दोष आपण पहिल्या वर्षीच ओळखला होता. दुसऱ्याचे मत मांडता मांडता मी त्याच्या प्रेमात पडतो. आत्मा नाही हे मी एका रविवारी इतक्या तळमळीने सिद्ध केले की यशोदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि पुढच्या महिन्यात सासऱ्यांचे श्राद्ध करावयाचे की कसे, असे त्यांनी शांतपणे विचारले. अशा वेळी आपण हातातली छत्री फरशीवर एकदा आपटीत असा आणि म्हणत असा, "आते मांगे फिरा, शास्त्रीबोवा." त्या आवाजाने मी भानावर येऊन माघारी वळत असे. चोपड्यात बारा महिने छत्री बाळगणारे आपण एकटेच, आणि तिचा पावसाशी संबंध नव्हता, हे आता लक्षात येते.

आता तोतारामभाऊंविषयी. आपण येथून गेलात तेव्हा तो केवळ तोताराम होता. त्याला 'भाऊ' लागून दीड वर्ष झाले. आपल्या इतिहासाच्या तासाला झोपणारा आणि माझ्या वक्तृत्ववर्गात सर्वांत पुढे बसणारा तो हाच. पाठांतर उत्तम, आवाज घंटेसारखा, आणि प्रतिपक्षाला दोन मिनिटे देण्याचा नियम त्याला कधीही मान्य झाला नाही. त्याने एकच वाक्य शोधून काढले आणि त्याच्या बळावर नगरपालिका जिंकली. "घर आमनं, पाव्हना तुम्ही. पाव्हनानी पाव्हनासारखं ऱ्हावं." ऐकावयास किती सभ्य वाक्य आहे पाहा, शिवी नाही, धमकी नाही, घरोघरी आजी सांगते तेच आहे. प्रथम त्याने पाहुणे म्हटले ते परप्रांतीय लाकूडवाल्यांना, तेव्हा आम्ही हसलो. मग भांड्यांच्या बोहरी दुकानदारांना, मग बांगड्या भरणाऱ्या मणियारांना. त्यानंतर कापूस वेचावयास सातपुड्यावरून उतरणाऱ्या पावरा आदिवासींना, जे त्या डोंगरात आपणां सर्वांच्या आधीपासून आहेत. दर सभेला यादी वाढत गेली आणि दर सभेला ज्यांची नावे यादीत नव्हती ते अधिक जोराने टाळ्या वाजवीत गेले.

याचा परिणाम कोणालाही अपेक्षित नव्हता अशा ठिकाणी झाला. आपल्या खानदेशात अनोळखी माणसाला "राम राम पाव्हना, कोठला शेतस?" असे विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढे होत नसे. आता एस्टी स्टँडवर हा प्रश्न विचारला की समोरचा मनुष्य पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांचे जावई दिवाळीला आले, तर सासूबाईंनी त्यांना पाव्हना म्हणावे की नाही याचा घरात अर्धा तास खल झाला आणि तोवर जावई दारात चपला हातात घेऊन उभे होते. हजार वर्षे ज्या शब्दाने दारे उघडली, त्याच शब्दाने ती दीड वर्षात बंद होऊ लागली. शब्दांच्या व्यवसायात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचे दुःख झाले. म्हणूनच मुंबईहून एक मंडळी तोतारामभाऊंच्या या राजकारणावर माहितीपट करावयास आली, आणि 'अतिथी या विषयावर शास्त्र काय म्हणते' असे विचारीत वैशाखात माझ्या दारी आली, तेव्हा मी आनंदाने होकार दिला.

माहितीपट म्हणजे ज्यात नट नसतात असा चित्रपट, अशी त्यांची व्याख्या आहे. अनुभवान्ती मी तीत एवढीच भर घालीन की जे असतात त्यांचे नट करावयास सुमारे अर्धा दिवस लागतो. दिग्दर्शिकाबाई सव्वीस वर्षांच्या, अत्यंत नम्र, केस माझ्या मुंजीनंतर माझे होते तेवढे. त्यांनी प्रथम आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. (चोपडे, वैशाख, दुपारी तीन. अधिक वर्णन करीत नाही.) मग मागे रिकामे दिसते म्हणून तुळशीवृंदावन उचलून आणावयास दोन माणसे धावली. त्यांना यशोदाबाईंनी थोपवले. "ती घरधनीण आहे. तुम्ही खुर्ची हलवा," असे त्या म्हणाल्या, आणि खुर्ची हलली. माझ्या बंडीतून एक काळी तार वर घेऊन उपरण्याला चिमट्याने बोंड लावले, त्यामुळे माझ्या पोटातून निघणारा आवाज एका तरुणाच्या कानात थेट जाऊ लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर वैराग्य पसरले. शेवटी, काचेत दिवा चमकतो म्हणून, माझा चष्मा काढून घेतला. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. चष्म्याविना मला माणसे दिसतात, त्यांचे चेहरे दिसत नाहीत.

मी रीतीप्रमाणे प्रथम पूर्वपक्ष मांडला. तोतारामला स्वतःला मांडता आला नसता इतका चांगला मांडला, हे नम्रपणे नमूद करतो. अतिथीचे धर्म कोणते, त्याने कोठे बसावे, काय विचारू नये, यजमानाच्या चुलीकडे का पाहू नये, तिसऱ्या दिवशी कोणत्या दिशेला तोंड करून निरोप घ्यावा, सर्व क्रमाने सांगितले. फाटकाबाहेर गर्दी जमली होती, अधूनमधून "वा शास्त्रीबोवा" ऐकू येत होते. पूर्वपक्ष आटोपल्यावर मी उत्तरपक्ष सांगितला.

तो माहितीपट, 'पाहुण्यांची यादी' या नावाचा, आश्विनात येथे दाखवला आणि पुढच्याच आठवड्यात आपल्या दोंडाईच्यास. आपण पहिल्या रांगेत बसून पाहिला असणार. (लांबचे दिसते, तेव्हा मागच्या रांगेत असाल.) माझा भाग वगळता तो फार चांगला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. चाळीस वर्षे गावोगाव बांगड्या भरणारी ती मणियारीण आठवते? टोपली भरलेली, आणि समोरच्या ओट्यावर हात पुढे करणारी एकही बाई नाही, हे चित्र बराच वेळ पडद्यावर राहते. मग केळीच्या बागेतून डोक्यावर वैरण घेतलेली एक द्रौपदाबाई येते, ओझे उतरवते, मनगट पुढे करते, आणि कोणी न विचारता म्हणते, "तोतारामभाऊ मोठा मानूस शे. पन मन्हा हातनं माप त्याले माहीत नही." हा उत्तरपक्ष तीन वाक्यांचाही नाही. मी अंधारात तिला मनोमन नमस्कार केला. त्यानंतर आपल्या येथल्या वस्तीतील सार्वजनिक नळ आला आणि त्यावरची ती पाटी, 'पाहुण्यांसाठी'. त्या नळाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी दाखवल्या, चेहरे दाखवले नाहीत.

आणि त्या पाठींनंतर मी आलो. एक मिनिट चाळीस सेकंद. उपरणे नीट, आवाज स्वच्छ, पंखा बंद. "जो स्वतःहून घर सोडून गेला तो पुन्हा उंबऱ्याशी आला, तर शास्त्र त्याला घरधनी म्हणत नाही. पाहुणाच म्हणते." एवढे बोलून मी मंद हसतो, आणि पडद्यावर तोतारामभाऊंची मिरवणूक सुरू होते.

आधारराव, सन छप्पनच्या त्या दिवशी आपण नागपूरहून दीक्षा घेऊन परतलात आणि आपल्या आईने देव्हारा रिकामा करून त्यात दिवा तेवढा ठेवला, ही गोष्ट आपण आयुष्यात मला एकदाच सांगितलीत. आपल्या लोकांच्या बाबतीत 'घर सोडून गेला' याचा काय अर्थ होतो हे मला कोणी समजावून देण्याची गरज नाही. म्हणूनच निक्षून लिहितो की ते वाक्य पूर्वपक्षाचे होते. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तोतारामभाऊंची माणसे शाल-श्रीफळ घेऊन आली, आणि आठवड्याने नाक्यावर माझ्या मुखकमलासह फलक लागला, 'शास्त्र काय सांगते?' शाल मी परत करणार होतो, पण तोवर यशोदाबाईंनी ती गच्चीवर अंथरून तीवर मेथी वाळत घातली होती. "तुमच्या सत्काराची आहे, ऊन चांगलं धरते," एवढेच म्हणाल्या. नारळ मात्र त्यांनी फोडला नाही, तो अद्याप कोनाड्यात आहे आणि येता-जाता माझ्याकडे पाहतो.

सारांश, संकलकाच्या कात्रीने माझा उत्तरपक्ष खाल्ला. मी दिग्दर्शिकाबाईंना तीन पानी निषेध पाठवला असून संपूर्ण टेपची मागणी केली आहे. खाल्ला गेलेला तो भाग आपल्या माहितीसाठी संक्षेपाने देतो. मी म्हणालो होतो: घर आमचे म्हणणारा मी कोण? माझा खापरपणजोबा पैठणच्या बाजूने एक पोथी आणि एक तांब्या घेऊन आला आणि एका गुजर शेतकऱ्याच्या ओसरीवर निजला. त्या गुजराचे पूर्वज तापीच्या खालच्या अंगाने आलेले. त्यांना जमीन दाखवली ती भिल्ल नाईकाने. त्या नाईकाला विचारावे तर तो सातपुड्याकडे बोट दाखवील, आणि डोंगर तर कोणालाच ओळख देत नाही. तेव्हा यजमान शोधीत निघालेला मनुष्य शेवटी एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवरच पोहोचतो. अतिथिधर्माचा अध्याय यजमानाने वाचावयाचा असतो, पाहुण्याला वाचून दाखवावयाचा नसतो. आणि ज्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलेच नाही, त्याने घर सोडले असे म्हणण्याचा अधिकार घराला नाही. असे मी म्हणालो होतो. हे सर्व कापले गेले. आता आपण न्याय करावा आणि शनिवारची कार्डे पूर्ववत चालू करावी.

सूनबाई व मुलांना अनेक आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावावे. लोभ आहेच, तो वाढला नाही तरी चालेल, मात्र घटू नये.

आपला,
रंगनाथशास्त्री

ता. क. वरील मजकूर लिहून पाकीट बंद करणार तोच सुपडूने एक पार्सल आणून दिले. दिग्दर्शिकाबाईंनी माझ्या मुलाखतीची टेप उतरवून पाठवली आहे, सोबत दोन ओळी: 'आपण जे बोललात ते सर्व यात आहे. मीही पुन्हा पाहिले.' गल्लीतल्या गिरधर शिंप्याकडे टेप पाहण्याचे यंत्र आहे. आत्ताच तेथून परतलो.

सत्तेचाळीस मिनिटांची टेप आहे. उत्तरपक्ष तीत नाही.

मी दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी गिरधरने न सांगता मला खुर्ची जवळ ओढून दिली. पूर्वपक्ष एकोणतीस मिनिटांत संपतो, तेथे मी थांबावयास हवे होते. परंतु फाटकाबाहेरून "अजून सांगा" असे येते आणि मी अजून सांगतो. सदतिसाव्या मिनिटाला मुद्दे संपतात, आणि बाहेर शांतता पसरताच मी चष्म्याविना त्या शांततेकडे पाहतो आणि ते वाक्य जुळवतो, घर सोडून गेलेल्यांचे. ते तोतारामचे नव्हतेच. त्याच्या यादीत तोवर आपले लोक नव्हते. ज्याने ते म्हटलेच नव्हते त्याच्या तोंडी मी ते घातले, केवळ टाळी पडावी म्हणून, आणि टाळी पडली. मग मी हसतो. त्यानंतरची दहा मिनिटे मी स्वतःच्या शिष्यपरंपरेविषयी बोलतो, चहा मागवतो, आणि "उरलेले पुढे कधीतरी" असे म्हणून उपरण्याचा चिमटा काढतो. फाटकाबाहेरच्या आवाजांत तोतारामच्या कार्यकर्त्याचा आवाज मला आज ओळखू आला. नळावरची पाटी त्यानंतर पंधरा दिवसांनी रंगवली गेली, हे गिरधरने सांगितले. अनावरणासाठी तिचे कापडी आच्छादन त्याच्याच दुकानात शिवले होते.

वर जो उत्तरपक्ष मी 'म्हणालो होतो' असे लिहिले, तो गेल्या पाच आठवड्यांत स्नानाच्या वेळी रचलेला आहे. तो म्हटल्याचे मला स्पष्ट आठवत होते. दिग्दर्शिकाबाईंना क्षमापत्र लिहितो. तोतारामला मी अर्धीच विद्या शिकवली असे समजत होतो, पण बहुधा माझ्यापाशी होती तेवढी सर्व शिकवली.

ही पाने फाडून टाकणार होतो. यशोदाबाई म्हणाल्या, "फाडू नका. पूर्वपक्षसुद्धा त्याच पाकिटात जाऊ द्या." म्हणून दोन्ही पाठवीत आहे.

ता. क. दुसरा. खरे म्हणजे हे पत्र ज्यासाठी लिहिले ते अजून लिहिलेच नाही. मार्गशीर्ष शुद्ध दशमीला नळापाशी मी बोलणार आहे. कॅमेरा असो वा नसो. तोतारामभाऊंना तसे कळवले असून त्यांना दोन मिनिटे देण्याचेही कबूल केले आहे. वर रचलेला उत्तरपक्ष कानाला गोड लागतो, म्हणूनच मला त्याचा आता भरवसा वाटत नाही. समोर कोणी हवे. आपण यावे. गुडघा दुखत असेल तर एस्टी स्टँडवर रिक्षा घेऊन मी उभा असेन, गाडी किती उशिरा आली ते आपण टिपेपर्यंत थांबेन. येथे 'पाहुणे म्हणून या' असे लिहावयाचा प्रघात आहे, पण तो शब्द सध्या माझ्या हातून बाटला आहे. ओट्यावरची आपली खुर्ची आपण गेल्यापासून कोणी हलवलेली नाही, मुंबईच्या मंडळींनाही यशोदाबाईंनी दुसरी दिली होती, एवढे कळवतो. छत्री आणावी. आभाळ स्वच्छ आहे, तरी आणावी.

ता. क. तिसरा. पाच शनिवार कार्ड आले नाही असे वर लिहिले, तेही खरे नाही. एक आले होते. दोंडाईच्यास माहितीपट दाखवला त्यानंतरच्या मंगळवारी, वार चुकवून आले. त्यावर तारीख नव्हती, नमस्कार नव्हता, नाव नव्हते. आपल्या हल्लीच्या मोठ्या अक्षरांत तीनच शब्द कार्डभर लिहिले होते: 'आते मांगे फिरा.' मला फार राग आला. ते मी पोथीत खूण म्हणून घातले आणि ती पोथी पाच आठवडे उघडली नाही. आज उघडली. ठोका तेव्हाच पडला होता. वळावयास मला उशीर झाला, त्याची नोंद आपल्या वहीत करावी.

जो कोणी हे पत्र वाचील, मोठ्याने वाचणारी लता असो, पाकीट उजेडापुढे धरण्याची सवय असलेला सुपडू असो, किंवा चुकून कधी हाती पडलेच तर तोतारामही असो, त्या प्रत्येकाच्या घरी पाणी येवो, त्याच्या मनगटाचे माप कोणाला तरी ठाऊक असो, आणि तो रंगात येऊन बोलू लागला की समोर छत्री घेऊन कोणीतरी बसलेले असो. शुभं भवतु.